पांढऱ्या कापडावर पाणी

माझ्या धाकट्या सुनेनं भर डायनिंग हॉलमध्ये, सगळी माणसं बघत असताना, माझ्या हातच्या घडीच्या कापडावर पाण्याचा अख्खा जग ओतला. सांडला नाही, ओतला. सांडलेलं मला ओळखू येतं, सगळा जन्म मी लोकांचं सांडलेलंच धुतलंय. ही टेबलाशी उभी राहिली, मनगट वळवलं आणि कुंडीतल्या झाडाला घालावं तसं पाणी घातलं. मी समोर बसलेय हे तिला ठाऊक होतं. तरी घातलं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, पाणीच होतं. ज्यानं खळ दिलेलं कापड आयुष्यात कधी सरळ केलं नाही त्यानं खुशाल म्हणावं. मी म्हणणार नाही. पण गोष्ट पाण्यापासून सुरू केली तर माझ्या रागाचं मूळ तुम्हाला सापडायचं नाही, म्हणून जरा मागून सांगते.

आमची लाँड्री बंदराच्या मागच्या गल्लीत आहे. पुढे काउंटर, मागे मशिनं, त्यांच्या मागे इस्त्रीची लांब टेबलं, आणि सगळ्यात मागे आम्ही राहतो. वाफ घरात येते आणि घरातलं भांडण दुकानात जातं. मोठी क्रूझ जहाजं आपले टॉवेल, चादरी जहाजावरच धुतात. पण एका जहाजाची डायनिंग हॉलमधली टेबलक्लॉथं आमच्याकडे येतात, माझ्या सासूच्या काळापासून. मशीन कापड धुतं, पिळतं, दाबतं, पण मशिनला लाज नसते. काठ वाकडा गेला तरी ते खुशाल पुढे ढकलतं. आमच्याकडे वाकडा काठ दारातून बाहेर पडत नाही.

धुणं मुलगे बघतात. खळ थोरली सून करते, तिच्या हाताला प्रमाण आहे. इस्त्रीला बाया आहेत. शेवटची घडी मात्र माझी. ही घडी साधी नाही. कापड अशा पट्ट्यांत दुमडायचं की दोन्ही काठ एकाच अंगाला यावेत आणि मधली कड, म्हणजे इस्त्रीनं मधोमध पाडलेली रेघ, त्यांच्या कुशीत राहावी. म्हणजे वाढणाऱ्यानं टेबलाशी उभं राहून नुसत्या बोटांनी पकडलं की कापड आपलं आपण उलगडतं. बोट जरा चुकलं की सगळं कडबोळं. मला ही घडी सासूनं दाखवली, आणि तीही इतक्या उशिरा की तोवर तिची बोटं वाकडी झाली होती. दाखवल्यानंतर ती म्हणाली होती, "आता माझी किंमत संपली." मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर नाही आलं.

आता धाकटीचं ऐका. ही त्याच जहाजावर वेटर होती. आमचा धाकटा मुलगा गठ्ठे पोचवायला जायचा, तर एकदा हिनं अख्खा गठ्ठा परत पाठवला. निरोप काय, तर वरच्या कापडाची मधली कड उलटी दुमडलीय. माझी घडी, आणि उलटी. मी तरातरा बंदरावर गेले, गठ्ठा तिच्यासमोर आपटला आणि कापड उघडलं. कड उलटीच होती. त्या दिवशी मला ताप होता, ते मी तिला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली की कापड धुतलंय मात्र फार सुंदर. घरी येताना आमचा धाकटा गालातल्या गालात हसत होता. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लग्न झालं तरी तिनं समुद्र सोडला नाही. लोकांच्या घरी नवरा समुद्रावर जातो आणि बायको धुणं धुते, आमच्याकडे उलटं. गल्लीतल्या बाया मला विचारायच्या, सून कुठं गेली, परत कधी येणार. मी सांगायचे, ती जग बघायला गेलीय, तुम्हाला गल्लीचा कोपरा तरी दिसतो का. लोकांसमोर मी माझ्या सुनेला नावं ठेवू देत नाही. ते काम माझं आहे.

वेटरची ती वरच्या हुद्द्याला गेली, आणि आता अख्ख्या डायनिंग हॉलची मुख्य आहे. घरी असली की मोठ्या झपाट्यानं काम करते. एकदा इस्त्रीच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "आई, शेवटची घडी मी घालून बघू?" मी म्हटलं, "तू उघडतेस ना, तेवढं पुरे. घालायला मी आहे." ती परत विचारायला आली नाही. तिचा हा गुण मला कळत नाही. माणसानं दुसऱ्यांदा विचारावं की नाही?

असं सगळं चालू असताना एकदा जेवताना तिनं बातमी दिली, मीठ मागावं तितक्या सहज. म्हणाली, कंपनी टेबलक्लॉथ बंद करायच्या विचारात आहे. नवी जहाजं आली आहेत, त्यांच्यावर सगळी टेबलं उघडी, नुसतं चकचकीत लाकूड. प्रवाशांना तेच आवडतं म्हणे. आता येत्या फेरीत अर्ध्या हॉलमध्ये कापडं घालायची, अर्धा उघडा ठेवायचा. कंपनीचे साहेब स्वतः येऊन बघणार. आणि शेवटी निवाडा डायनिंग हॉलच्या मुख्याच्या शब्दावर.

थोरल्याचा घास हातातच राहिला. लाँड्री बंद पडली असती असं नाही, हॉटेलांच्या चादरी आहेत, दवाखान्याचे कोट आहेत. पण चादर कुणीही धुतं. आमचं नाव ज्या कामावर आहे ते काम एकच. ते गेलं तर माझ्या सासूनं आणि मी उभ्या उभ्या काढलेल्या दोन जन्मांचं काय करायचं?

मी विचारलं, "मग तू काय सांगणार?"

"बघून सांगेन," ती म्हणाली.

बघून सांगेन! ही ताकाला तूर लागू देईल तर शपथ. घरचं माणूस म्हणून एवढंही म्हणवेना की आई, काळजी करू नका. कंपनी मुख्य माणसांना घरचं एक माणूस बरोबर नेऊ देते, फुकट. इतकी वर्षं ती नवऱ्याला चल म्हणायची आणि तो मशिनं सोडून हलायचा नाही. मी म्हटलं, या खेपेला मी येते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर बंदरामागे राहिले, पण जहाजाच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. थोरली सून हळूच म्हणाली, आईंना गरगरेल. मी म्हटलं, गरगरेल ते समुद्राला.

खरं सांगते, मी तिच्यावर पहारा ठेवायला गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर असली तर उघड्या टेबलांच्या बाजूनं बोलताना तिची जीभ चाचरेल, असा माझा हिशेब.

जहाजाचं मी फार सांगत नाही. खूप दारं, सगळी सारखी, आणि गालिचे असे की चालल्याचा आवाज नाही, जणू सगळे चोरून चाललेत. डायनिंग हॉल मात्र बघण्यासारखा. एका बाजूला उंच खिडक्या, त्यांतून नुसतं पाणी, वर गोल दिवे. डाव्या अंगाला माझी कापडं घातलेली टेबलं, उजव्या अंगाला नवी उघडी. मी आधी उजवीकडे गेले. शत्रूचं घर आधी बघावं. टेबलावर हात फिरवला, टकटक करून बघितलं. मला नावं ठेवायची होती, पण लाकूड खोटं नव्हतं. दाट तपकिरी, रेषा अशा सरळ की कुणी विंचरल्यात. ओलं फडकं मारलं की साफ. मी मनात म्हटलं, वैरी देखणा आहे.

मग डावीकडची कापडं बदलायची वेळ झाली आणि माझे पाय तिथंच थांबले.

मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी घडी घालत आले, पण ती उघडताना मी कधी पाहिलीच नव्हती. गठ्ठा बांधायचा, धाकटा घेऊन जायचा, संपलं. इथं ट्रॉली आली, धाकटीनं वरचं कापड उचललं. सगळे वेटर बघत होते, त्यात दोन नवे होते, त्यांना दाखवत होती. घडी तिनं टेबलाच्या मधोमध आडवी ठेवली, बोटांनी काठ आणि कड पकडली, मनगटाला नुसता हिसका दिला. पलीकडचा काठ उडून पलीकडे बसला. मग आपल्या बाजूला ओढलं, आणि ओढता ओढता जुनं मळकं कापड त्याच्याखालून गुंडाळत आणलं. क्षणभरसुद्धा टेबलाचं अंग दिसलं नाही. एकीकडून मळकं जातंय आणि त्याच्या मागोमाग पांढरं येतंय. मधली कड बरोबर टेबलाच्या मध्यावर, नाकासमोर.

मी घातलेली घडी तिच्या हातात अशी उघडली की मला वाटलं, कुणी माझंच बोलणं पूर्ण करतंय.

एका नव्या पोरीनं विचारलं, टेबल दिसलं तर काय बिघडतं. धाकटी म्हणाली, पाहुणे बसलेले असताना त्यांच्यासमोर टेबल उघडं करणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखं. आणि मग म्हणाली, हे कापड असं उघडतं कारण घालणाऱ्यानं तसं घातलंय, तुमचं काम फक्त त्याच्या मध्ये न येण्याचं. मी त्यांच्या मागेच उभी होते. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं नाही, हे माझी सून आहे म्हणून मी समजू शकते.

पण पहारा तो पहारा. दोन दिवस मी एकाही जेवणाला डोळा हलवला नाही. माझी खुर्ची कापडाच्या बाजूला, उघड्या टेबलांच्या हद्दीवर होती. उजवीकडे नुसता खणखणाट. चमचा ठेवला की टण्, पेला ठेवला की टक्, बशी सरकवली की दात शिवशिवतील असा आवाज. तिकडे एक आजोबा बसायचे, कानाला मशीन लावलेलं. पहिल्याच रात्री ते जेवता जेवता मशीन काढून खिशात घालून बसले. त्यांची बायको बोलत राहिली, ते मान हलवत राहिले. दुसऱ्या रात्री धाकटीनं स्वतः जाऊन दोघांना डावीकडे आणून बसवलं. आजोबांनी मशीन परत कानाला लावलं, आणि आजी त्यांना काहीतरी बोलल्या तर ते इतक्या जोरात हसले की सूप सांडलं. माझ्या कापडावर. काही डाग कमावलेले असतात.

पण खोटं का बोलू, उजवीकडे सुखी माणसंही होती. एक जोडपं तर लाकडावर हात फिरवत म्हणत होतं, काय सुंदर आहे, कापडाखाली झाकून ठेवण्यासारखं का हे. सकाळच्या न्याहारीला तर मला स्वतःलाच त्यांचं पटलं. लोक अर्धवट झोपेत येतात, अंडं फोडतात, जाम चोपडतात, उठून जातात. अंड्याचा डाग काय चीज असते ते मला विचारा. गरम पाण्यात घातला की पक्का बसतो, सासूच्या बोलण्यासारखा.

आणि एक गोष्ट मला आवडली नाही. दुपारी मी हॉलच्या मागच्या बोळात चुकून शिरले. तिथं वेटर जेवत होते. म्हणजे काय, ट्रॉलीवरच्या गठ्ठ्यावर ताटली ठेवून, उभ्यानं, एक हात पावाकडे आणि दुसरा पुढची कापडं मोजायला. मला बघून त्यांनी ताटल्या लपवल्या, जणू चोरी केली. आमच्या लाँड्रीत कुणी उभ्यानं जेवलेलं मला खपत नाही. कितीही काम असो, जहाज सुटायचं असो, मशिनं बंद करून सगळ्यांनी बसून जेवायचं, इस्त्रीच्या बायांपासून मालकिणीपर्यंत. नवी असताना धाकटी एकदा उभ्यानं पाव खात कपडे मोजत होती, तर मी तिच्या हातातला पाव काढून घेतला होता. म्हटलं होतं, घोडी उभ्यानं खातात.

बोळातून आल्यावर मी एका वेटरला मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, तुमच्या मुख्य बाईंच्या सासरी असं चालत नाही हो. लेकी बोले सुने लागे. धाकटी पलीकडे उभी होती. तिनं ऐकलं, आणि पेले पुसत राहिली.

कंपनीचे साहेबही रोज जेवायला यायचे. मला वाटलं होतं कुणी खडूस असेल, तर माणूस धुतल्या तांदळासारखा निघाला. एक दिवस डावीकडे बसायचे, एक दिवस उजवीकडे. मी कोण हे कळल्यावर माझ्या टेबलाशी येऊन बसले, म्हणाले, तुमची कापडं मी लहानपणापासून पाहतोय, माझे वडील याच जहाजावर होते. मी म्हटलं, मग काढता कशाला? ते म्हणाले, "मला काढायची आहेत असं नाही हो. मला नुसत्या सवयीनं ठेवायची नाहीत. ठेवायची तर का ठेवायची ते कुणीतरी मला सांगावं." मी समोरच्या कापडाचा काठ सरळ करायला लागले. सगळा जन्म ज्याच्यात गेला ते का करायचं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

आता येतं ते पाणी.

दुपारपासून समुद्र बिघडला. संध्याकाळी हॉलमधले दिवे डुलायला लागले, खिडकीत कधी नुसतं आभाळ, कधी नुसतं पाणी. मी नेहमीच्या खुर्चीवर बसले होते, समोर माझं कापड, त्या दिवसाचं सगळ्यात सुंदर, काठ असे की बोट कापावं. साहेब त्या दिवशी उजवीकडे होते, आमच्याकडे तोंड करून. लोक येऊन बसायला लागले तेवढ्यात धाकटी झपाझप चालत आली, हातात पाण्याचा जग. आणि माझ्या टेबलावर तिनं तो ओतला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण तसंच आलं. मला वाटलं, हिनं ठरवलंय. साहेबांसमोर कापडांची फजिती करून दाखवायची, ओली, लोंबती, चुरगळलेली, म्हणजे निवाडा आपोआप लागला. मी उठले आणि तिचं मनगट धरलं.

"हे कापड काय तुझ्या माहेरून आलंय?"

आजूबाजूला सगळं थांबलं. आजोबांनी कानाच्या मशीनवर हात ठेवला. धाकटीनं हात सोडवून घेतला नाही, मोठ्यानं बोलली नाही.

"आई, बसा. जहाज वळतंय."

आणि जहाज वळलं. सगळा हॉल हळूच एका अंगावर गेला, झोपेत कूस बदलावी तसा. उजवीकडे आवाज झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. चमचे, पेले, बशा, सगळं गुळगुळीत लाकडावरून घसरत एका टोकाला गेलं आणि खाली. साहेबांनी आपली ताटली दोन्ही हातांनी धरली, पण पेला त्यांच्या मांडीवर आला. आणि माझ्या टेबलावर? ताटली जागच्या जागी. पेला जागच्या जागी. ओलं कापड खाली टेबलावर अंथरलेल्या जाड लोकरी बनातीला आणि वरच्या ताटलीला असं धरून बसलं होतं, जसं आईनं गर्दीत पोराचं बोट धरावं.

खळ भिजली की चिकटते, हे मला न कळायला मी काल जन्मले नव्हते. पण खळ म्हणजे कडकपणा, एवढंच मी आयुष्यभर धरून चालले. ती धरूनही ठेवते, हे माझ्या ध्यानात कधी आलं नाही. मी खुर्चीवर बसले. चुकले असं मी म्हणत नाही. घाई झाली.

धाकटीनं काय करावं? माझी फजिती झाली ते तिला दिसत होतं. दुसरी असती तर मान ताठ करून निघून गेली असती, मी तर नक्कीच गेले असते. तिनं जग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाकीची वेटर भिजवताहेत, खिडकीजवळची टेबलं राहिलीत. तुम्ही घाला, मी उजवीकडे बघते." आणि ती धावली. उजवीकडे तिनं काचा गोळा करवल्या, रबराच्या जाळ्या आणवल्या, त्या प्रत्येक ताटलीखाली सरकवल्या, सगळ्यांना दुसरं सूप दिलं, साहेबांना टॉवेल. एकदाही आवाज चढवला नाही. डोलणाऱ्या जमिनीवर अशी चालत होती की जमिनीलाच लाज वाटावी. आणि इकडे मी, माझ्या हातानं, माझ्याच इस्त्रीवर पाणी ओतत फिरत होते. आजी मला म्हणाल्या, तुमचा हात छान हलका आहे. मी म्हटलं, सरावाचा आहे.

दुसऱ्या दिवशी, समुद्र शांत झाल्यावर, जहाज परत बंदराकडे वळल्यावर, संध्याकाळच्या जेवणाच्या आधी साहेब हॉलमध्ये आले. खुर्चीवर बसले. धाकटी त्यांच्यासमोर उभी. मी जरा लांब रुमालांच्या घड्या बघत असल्यासारखी. मला खात्री होती. एवढं सगळं झाल्यावर ती दुसरं काय सांगणार?

साहेब आधी स्वतःच म्हणाले की रबराच्या जाळ्यांनीही काम भागतं, पुढच्या वेळी त्या आधीच ठेवता येतील. धाकटीनं ते मान्य केलं. म्हणाली, जाळी ताटली धरते, पण आवाज धरत नाही. आजोबांची गोष्ट सांगितली. म्हणाली, रात्री माणसं अनोळखी माणसांशेजारी बसतात, हात कुठं ठेवावेत कळत नाही, तर कापडाचा काठ चाळवतात, चुरा गोळा करतात, काट्यानं रेघा ओढतात, आणि तोवर बोलायला लागतात. रात्रीची कापडं राहू द्यात. मी मनात म्हटलं, शाबास.

"आणि सकाळची, दुपारची काढून टाका," ती म्हणाली.

माझ्या हातातला रुमाल खाली पडला. साहेबांनी विचारलं, का.

"माझी माणसं उभ्यानं जेवतात. दोन जेवणांच्या मध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढा कापडं बदलण्यात जातो. दुपारची टेबलं उघडी राहिली तर ती बसून जेवतील." मग म्हणाली, "आमच्या घरी कुणी उभ्यानं जेवत नाही. हे मी सासरी शिकले."

ती माझ्याकडे बघत नव्हती. साहेबांकडे बघत होती. माझ्यासाठी बोलली असती तर मी तिला झापलं असतं. ती खरंच बोलत होती. माझंच वाक्य उचलून तिनं माझं अर्ध्याहून जास्त काम कापून टाकलं, आणि ते वाक्य खरं होतं. साहेब खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, ठरलं, तसंच करू. जाताना मला म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं असेल. मी म्हटलं, मला वाईट वाटायचं ते मी घरी जाऊन वाटून घेईन, तुम्ही तुमच्या मांडीवरचा कालचा डाग मात्र मला द्या, वाईनचा आहे, मशिननं जाणार नाही.

हॉल रिकामा झाला. पाहुणे यायला अवकाश होता. धाकटी एकेक टेबल बघत फिरत होती, पाय दुखत होते हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं, कारण आता बघणारं कुणी नव्हतं. म्हणजे मी होते, पण मला ती घरचं धरत असावी. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हेही मी बघितलं होतं. पहारा कसा करायचा ते मला चांगलं येतं.

मी ट्रॉलीवरून एक कापड घेतलं. माझीच घडी. एका टेबलाच्या मधोमध ठेवली, बोटांनी पकडली, तिच्यासारखा हिसका दिला. कापड खुर्चीवर पडलं, अर्धं जमिनीवर. परत घेतलं, परत हिसका दिला, तर यावेळी ते माझ्याच डोक्यावर आलं. आतून मला तिचं हसू ऐकू आलं. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर अशी हसली नव्हती. तिनं कापड माझ्या डोक्यावरून काढलं, काठ माझ्या बोटांत दिला, कड कुठं धरायची ते दाखवलं, आणि आम्ही दोघींनी मिळून टाकलं. बसलं. अगदी नाकासमोर नाही, पण बसलं.

मी बोळात जाऊन तिच्यासाठी ताटली वाढून आणली, वाफाळतं सूप, पाव, मासा. टेबलावर ठेवली. ती म्हणाली, आई, मुख्य माणसानं हॉलमध्ये पाहुण्यांच्या टेबलावर जेवायचं नसतं. आणि उभ्या उभ्याच पावाकडे हात नेला.

मी तिचं मनगट धरलं, दुसऱ्यांदा.

"ऐक. माझ्या इस्त्रीवर पाणी ओतलंस, माझं सकाळ-दुपारचं काम बुडवलंस, आणि दोन्ही वेळा तुझंच बरोबर निघालं. असली सून वैऱ्यालाही मिळू नये, आणि मिळाली तर त्यानं ती सोडू नये. घरी आलीस की इस्त्रीच्या टेबलाशी माझ्या उजव्या हाताला उभं राहायचं. शेवटची घडी तुला दाखवणार आहे, माझी बोटं सरळ आहेत तोवर. उघडते तिलाच घालता आली पाहिजे. आता खुर्ची ओढ आणि बस. माझ्या घरात उभ्यानं कुणी जेवत नाही, आणि जिथं माझं कापड घातलंय ते माझं घर आहे."